अर्जावरची दुसरी सही

"हात धू आणि इथं सही कर," सांगचोल म्हणाला, आणि मिठात मुरलेल्या कोबीच्या ढिगावरून त्यानं तो कागद इन्सुकच्या डोळ्यांसमोर धरला.

इन्सुकचे हात कोपरापर्यंत तिखटाच्या लाल मसाल्यात बुडाले होते. हिवाळ्याची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायचा तो रविवार होता. समोर बसलेल्या सासूबाई एकेक पान उचलून त्यात मसाला भरत होत्या. गोदीत वीस वर्षं वेल्डिंग करून डोळे कायमचे लालसर झालेला आपला नवरा आज किती तरुण दिसतोय, असं इन्सुकच्या मनात आलं, आणि पाठोपाठ तिचं लक्ष त्या कागदाकडे गेलं...

कागद कसला, ते विचारायची गरजच नव्हती. ज्या घरात ते अकरा वर्षं ठेव देऊन भाडेकरू म्हणून राहत होते, ते मालकानं विकायला काढलं होतं. "जुनी माणसं तुम्ही, आधी तुम्हाला विचारतो. चांद्र नववर्ष उजाडायच्या आत सांगा," असं तो म्हणाला होता, आणि त्या दिवसापासून सांगचोल गोजे बेटावरच्या त्या जुन्या तिसऱ्या मजल्याच्या भिंतींवरून असा हात फिरवत होता, जणू त्या आजच बांधून झाल्या आहेत. सरकारी योजनेतलं स्वस्त कर्ज मिळालं, तरच ते विकत घेणं जमणार होतं.

"अर्ज तर तुम्ही करताय ना? मग माझी सही कशाला?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"बँकेतली बाई म्हणाली, नवरा-बायको दोघांचीही चौकशी होते. कुठं जुनं थकलंय का, कोर्टाचा काही निकाल आहे का, एवढंच बघतात. आपलं काय असणार आहे, सोराची आई?"

आपलं काय असणार आहे...

सासूबाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "आधी हे काम उरकू दे. कागद काय पळून जातोय?"

तो हसत आत गेला. दोघी बायका एकमेकींकडे न बघता पानं भरत राहिल्या.

नऊ वर्षांपूर्वी सांगचोल दोन वर्षांसाठी परदेशातल्या गोदीत गेला होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या धाकट्या भावाला, जिनचोलला, जहाजांना रंग द्यायचा कारखाना काढायचा होता, आणि कर्ज देणारी कंपनी जामीन मागत होती. थोरल्याला विचारायची सोय नव्हती, कारण वडिलांच्या श्राद्धाच्या पानावरच त्यानं सर्वांसमक्ष सांगितलं होतं, "यापुढं याला एक पैसा देणार नाही, आणि जो देईल त्याचं तोंड बघणार नाही." आणि मग एका दुपारी सासूबाईंनी इन्सुकचे दोन्ही हात धरले. पोरगा जीव द्यायला पुलावर जाऊन उभा राहिला होता गं, म्हणाल्या. तू सही कर, आणि माझ्या जिवाची शपथ आहे, हे थोरल्याला कधी कळू देऊ नकोस.

इन्सुकनं सही केली. वर्षाच्या आत कारखान्याला कुलूप लागलं, जिनचोल कुठं नाहीसा झाला ते इन्सुकला कळलं नाही, आणि कोर्टाचा निकाल इन्सुकच्या नावावर आला. तीन कोटी वॉन, सांगचोलच्या जवळजवळ वर्षभराच्या पगाराएवढे. कर्ज बुडवणाऱ्यांच्या सरकारी यादीत तिचं नाव चढलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती पहाटे उठून कालवं सोलायच्या शेडमध्ये जाऊन बसे, उन्हाळ्यात खानावळीत भांडी घाशी, आणि मिळेल ते हप्त्यानं त्या कंपनीला भरी. हाताच्या चिरांत मीठ जाऊन बोटं रात्रंदिवस ठणकत, पण त्याहून जास्त ठणकायचं ते नवऱ्याचं बोलणं.

"एवढं कमावतेस, जातं कुठं?" तो विचारी. ती गप्प राहिली की त्याचा तो निष्कर्ष काढी. "तुझं माहेर म्हणजे बुड नसलेली घागर. कितीही ओता."

माहेरी तिचे म्हातारे वडील एकटे होते, आणि नऊ वर्षांत तिनं त्यांना एक स्वेटरसुद्धा पाठवला नव्हता. सासूबाई शेजारी बसून हे सगळं ऐकत, आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवत.

त्या रविवारनंतर इन्सुकचा प्रत्येक दिवस भीतीनं उगवू लागला. सहीसोबत लागणारा नावाचा शिक्का सापडत नाही, असं तिनं एकदा सांगितलं. हाताला जखम आहे, पेन धरवत नाही, असं एकदा. दारावरची घंटा वाजली की बँकेचंच कुणी आलं, असं तिला वाटे. जेवताना सांगचोलनं नुसतं "ऐक ना" म्हटलं तरी ती पाणी आणायच्या निमित्तानं उठून जाई. शेडमधून चोरून तिनं कंपनीला फोन केला. अजून अडतीस लाख वॉन बाकी होते. फेडल्याशिवाय यादीतून नाव निघणार नव्हतं, आणि ते असेपर्यंत या घराला कर्ज मिळणार नव्हतं.

"माझ्या भावानं काय केलं माहितीय?" शेजारी कालवं सोलणारी बाई एक दिवस सहज म्हणाली. तिला इन्सुकचं काहीच ठाऊक नव्हतं. "बायको कर्जात होती, म्हणून घटस्फोट घेतला. कागदावर बायको नाही, तर चौकशी कुणाची करणार?"

इन्सुकच्या हातातली सुरी थांबली.

दोन दिवस तिनं तो विचार उराशी बाळगला. त्याला घर मिळेल, लेकीला, सोराला, स्वतःची खोली मिळेल, सासूबाईंची शपथही मोडणार नाही. आपल्याला शेडमागं एखादी खोली मिळेल. एका माणसाला जागा लागते तरी किती... तिसऱ्या दिवशी ती कोर्टातून घटस्फोटाचा अर्ज घेऊन आली, आणि संध्याकाळी सांगचोल कामावरून येऊन माशाचं कालवण पुढ्यात घेऊन बसला, तेव्हा तिनं तो त्याच्यासमोर ठेवला. सोरा शिकवणीला गेली होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

त्यानं ते वाचलं. चमचा हळूच खाली ठेवला.

"कोण आहे तो?"

"कुणी नाही."

"मग नऊ वर्षांचे पैसे कुणाकडे आहेत? आता घर घ्यायची वेळ आली, आणि तू निघालीस. मी अडाणी आहे, पण एवढं जोडता येतं मला."

"सोराचे बाबा, सही करा. तुम्हाला कर्ज मिळेल. याहून जास्त मला विचारू नका."

"माझ्याकडे बघून बोल."

तिनं मान वर केली नाही. खरं बोललं तर त्याला भाऊ उरणार नव्हता, कदाचित आईही... आणि खोटं बोलायचं तर तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. आता हा उठेल, दार उघडेल आणि जा म्हणेल, असं तिला वाटलं.

दार उघडलं, पण ते आतल्या खोलीचं.

"तिला काय विचारतोस?" शहात्तर वर्षांच्या सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. "मला विचार. पैसे जिनचोलच्या कर्जात गेले. मी हिला जामीन उभं केलं, शपथ घालून. तू हिच्या माहेराला बोलायचास ना, तेव्हा मी तिथंच बसलेली असायची."

सांगचोलनं कालवण बाजूला सारलं. मग त्यानं फक्त विचारलं, "तो जिवंत आहे?"

"देगूला आहे. टायरचं दुकान आहे त्याचं. सणाला फोन करतो मला."

आणि तेव्हा, त्या संपूर्ण संध्याकाळी पहिल्यांदाच, इन्सुकचा बांध फुटला.

"तुम्हाला त्याचा पत्ता ठाऊक होता, आई? नऊ वर्षं? मी हप्त्यासाठी तुमच्यासमोर शेजारणीकडे हात पसरला, तेव्हासुद्धा?"

"तुला सांगितलं असतं तर तू मागितले असतेस," म्हातारी पुटपुटली. "आणि तो पुन्हा पुलावर गेला असता. तू सोसणारी होतीस, पोरी. जो सोसतो त्याच्याच पाठीवर आपण ओझं टाकतो. माझ्याकडून पाप झालं."

इन्सुक उठून गॅलरीत गेली. तिला क्षमा करता आली नाही. त्या दिवशी तरी नाही. सांगचोल मागून आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. त्यानं तिचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि तळव्यावरच्या चिरा, जणू आजच बघतोय असा, बघत राहिला.

"तुझ्या वडिलांना भेटायला जाऊ," तो म्हणाला. "मी त्यांच्यासमोर गुडघे टेकीन."

"त्यांना काय सांगाल?"

"की घागर माझ्याच घरची फुटकी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई कुणाला न सांगता बस पकडून देगूला गेल्या. मुलगा, सून, नात, तिघंही दिवसभर फोन लावत बसले. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, आणि एक पाकीट दोन्ही हातांनी सुनेपुढं धरलं.

"राहिलेलं फिटेल एवढे आहेत. अर्धे त्याच्याकडून घेतले. रडला, पण दिले. अर्धे माझ्या अंत्यविधीसाठी ठेवलेले. मेल्यावर कसंही न्या मला."

इन्सुक त्या पाकिटाकडे बघत राहिली. घेऊ नये, असं एक मन म्हणत होतं. पण म्हातारीचे हात तसेच पसरलेले होते, आणि तिच्या पायांतल्या थंडीच्या चपलाही उलटसुलट घातलेल्या होत्या... तिनं पाकीट घेतलं. मग वाकून त्या चपला काढल्या, आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या, आई. तीन दिवस काही खाल्लेलं दिसत नाही."

घर मात्र मिळालं नाही. नाव यादीतून निघेपर्यंत मालक थांबला नाही. बुसानच्या एका जोडप्यानं ते घेतलं, आणि चढावरच्या दोन खोल्यांत सगळं बिऱ्हाड हलवावं लागलं. सोरा आजीच्याच खोलीत झोपू लागली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं सांगचोलनं ठरवून टाकलं.

बिऱ्हाड हलवल्याच्या आठवड्यात ती दोघं यादीतून नाव काढायचा अर्ज घेऊन थोंगयोंग शहरातल्या कोर्टात गेली. कर्ज फिटल्याचा दाखला इन्सुकनं पर्समध्ये घट्ट धरला होता. खिडकीपाशी तिचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारलं गेलं, तशी बाकावरची माणसं वळून बघू लागली, आणि नऊ वर्षांची ती जुनी भीती पुन्हा जागी झाली. पर्स छातीशी धरून ती बसूनच राहिली.

सांगचोल आधी उठला. त्यानं तिच्या दंडाला धरलं, आणि दोघं खिडकीपाशी गेली.

"फक्त अर्जदारानं पुढं यायचं," कारकून कागद चाळत म्हणाला. "तुम्ही कोण?"

"मी हिचा नवरा," सांगचोल म्हणाला. "कर्ज माझ्या घरचं होतं."