इंजिन बंद असताना

सिग्नल हिरवा झाला आणि भर चौकात माझी गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा भडिमार. मी किल्ली फिरवतेय, गाडी नुसती खोकतेय... तेवढ्यात समोरच्या गॅरेजमधून एक उंच माणूस हात पुसत आला आणि थेट माझ्या काचेशी वाकला.

"मॅडम, ब्रेक सोडा. मी ढकलतो."

इतक्या हळू बोलला, की मी त्याच्या ओठांकडेच पाहिलं.

पाहायला नको होतं.

गाडी सव्वीस वर्षांची, आधी माझ्या बाबांची. उभी असताना थरथरायची; अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळायची आणि मग उडी मारून निघायची. त्या मंगळवारी त्यानं प्लग बदलले. चार दिवस बरे गेले. त्या चार दिवसांत मी गॅरेजमध्ये 'सहज' तीनदा डोकावले. पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा तशीच. त्यानं कार्ब्युरेटर उघडून साफ केला.

"हिची खोड तुमच्यासारखीच आहे," तो म्हणाला. "निघताना अडखळते."

"मी कुठे अडखळते?"

"दर वेळी. दारापर्यंत जाता, परत येता, काहीतरी विचारता..."

मी गोरीमोरी झाले. त्याच दुपारी बोलून टाकलं. इंजिन बंद होतं. तो पाठमोरा, बॉनेटखाली वाकलेला. मी मागे उभी राहून हळूच म्हटलं, "मी गाडीसाठी येत नाही. तुमच्यासाठी येते."

तो ढिम्म. पाना फिरत राहिला. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

दोन आठवडे मी त्या रस्त्याला फिरकले नाही. नकार पचवला असता. पण उत्तर द्यायच्याही लायकीची नव्हते मी?

गाडीला मात्र लाज नव्हती. ती पुन्हा आचके देऊ लागली. दादानं बजावलं, "आज नीट झाली तर झाली, नाहीतर उद्या भंगारात." म्हणजे गॅरेजची ही शेवटची खेप. जादा एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरवून गेले.

"या, या!" टेबलामागून त्याचे वडील गरजले. "कुठे होतात? हा पंधरा दिवस रस्त्याकडे बघत बसलाय!"

मला काहीच कळेना.

त्यानं इंजिन सुरू केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाशी नेली. आतला आवाज टिपायची ही मेकॅनिकांची जुनी रीत. एकेक जागा तपासून तो चक्रावला. "आत कुठेच बिघाड नाही."

"आणि ही फुसफुस?" मला राहवेना.

"कसली?"

"ही काय! मागून येतेय. हवा निसटल्यासारखी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मला दिसलं... मूठ कानाच्या भोकाशी नव्हतीच. ती कानामागच्या हाडाला टेकली होती.

मी हॉस्पिटलात कान तपासते. रोज वीसेक जणांच्या कानामागे ट्यूनिंग फोर्क टेकवते. हवेतून आवाज पोचत नसला, तरी कित्येकांना तो हाडातून पोचतो. असे लोक हळू बोलतात, कारण स्वतःचाच आवाज त्यांना मोठा वाटतो. आणि ते समोरच्याच्या ओठांकडे पाहतात. पहिल्या दिवसापासून तो माझ्या ओठांकडे पाहत होता, आणि मी... मी काय समजत होते!

मी मुकाट्यानं कार्ब्युरेटरमागच्या रबरी नळीकडे बोट केलं. खालून चिरली होती. त्यानं ती चिमटीत दाबली, आणि थरथरणारं इंजिन शांत, एकसुरात चालू लागलं. त्यानं ते बंद केलं.

"कधीपासून?" मी त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"तीन वर्षं. बाबांना सांगू नका. बहिऱ्याकडे गाडी कोण आणेल?"

"यावर पुष्कळदा इलाज असतो. आधी तपासू." आणि मग माझ्याच पायाखालची जमीन सरकली. "थांबा. म्हणजे त्या दिवशी मी पाठीमागून बोलले, ते..."

"तुम्ही बोललात?" तो माझ्यापेक्षा जास्त हादरला. "मॅडम... काय बोललात?"

तो ओठ वाचतो, हे आता कळलं होतं. हळू बोलूनही भागलं असतं. पण या वेळी एक अक्षरही वाटेत सांडायला नको होतं.

"मी गाडीसाठी येत नाही!" मी ओरडले. "तुमच्यासाठी येते!"

टायरवाल्याच्या हातातला पाना खणकन पडला. वडील खुर्चीतून अर्धे उठले ते तसेच राहिले.

तो कानापर्यंत लाल झाला. एक पाऊल पुढे आला आणि त्याच्या त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"अरे, काय म्हणालास? मोठ्यानं बोल की!" वडील कळवळले. "आम्हाला काही ऐकू आलं नाही!"

मला आलं होतं. शब्द न् शब्द.