दीपमालासाठी वाचणारी

सुलेखाला ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम मिळालं ते पावसाळा सरता सरता. तिचं गाव करमाडच्या पुढं. वडील वाळूजला कंत्राटी कामगार होते. त्या वर्षी कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात त्यांचंही काम सुटलं. आईनं फोनवर स्पष्टच सांगितलं, “तुझं तुला भागत आसंल तर शीक बाई. नायतर घरी ये. मामा स्थळ घेऊन बसलाच हाय.”

म्हणून हे काम तिला हवंच होतं. इतर पोरींना रोपवाटिकेला पाणी घालायचं, प्रयोगशाळेतली काचपात्रं धुवायची, असली कामं लागली. सुलेखाचा आवाज मात्र खणखणीत होता. गावच्या विहारात वंदना सांगायची ती हीच. ग्रंथपाल मेघा मॅडमनी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “तू दीपमालासाठी वाच.”

दीपमाला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. ब्रेलमध्ये तिची पुस्तकं मिळत नसत, म्हणून कुणीतरी ती वाचून रेकॉर्ड करायची आणि तिनं ऐकून अभ्यास करायचा, अशी सोय कॉलेजनं केली होती. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एका खोलीच्या चारी भिंतींना काळा फोम चिकटवला होता. खिडकी बुजवून टाकली होती. एक टेबल, एक खुर्ची, बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर. दार आतून नीट बसत नसे, म्हणून ग्रंथालयाचे शिपाई रामकिसनमामा बाहेरून कडी लावत. काम झालं की सुलेखानं बेलचं बटण दाबायचं आणि मामांनी उघडायचं.

दुपारी वर्ग सुटले की ती त्या खोलीत जायची. आत पाऊल टाकलं की बाहेरचा सगळा आवाज कुणीतरी पुसून टाकल्यासारखा जायचा. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून पंखा बंद. फोमचा आणि जुन्या कागदांचा कोंदट वास. बोललेला शब्द तोंडातून निघायचा आणि तिथंच पडायचा. पहिले काही दिवस तिला गुदमरल्यासारखं झालं, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

एक दिवस होस्टेलच्या व्हरांड्यात दीपमाला कानातले हेडफोन काढून म्हणाली, “सुलेखा, तुझ्यासोबत वाचायला कोण असतं गं?”

“कुणी नाही. मी एकटीच.”

“नाही गं. दुसरी आहे ना एक. तू थांबतेस तिथं ती श्वास घेते. आणि तळटिपा तू सोडतेस, त्या ती वाचते. हळू वाचते, पण चांगलं वाचते.”

दीपमाला चेष्टा करणाऱ्यांतली नव्हती. सुलेखानं हेडफोन कानाला लावले. तिचाच आवाज होता. परिच्छेद संपला आणि ती पाणी प्यायला थांबली, तेही तिला आठवलं. त्या शांततेत कुणीतरी अलगद श्वास आत घेतला. मग तिच्या आवाजाच्या खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक बाईचा आवाज पुढची ओळ वाचू लागला. तुटक, एकेक अक्षर चाचपत.

सुलेखानं हेडफोन काढून ठेवले. आपल्यामागून दुसरी कुणी पोरगी त्याच खोलीत वाचून जात असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं.

“चावी माझ्यापाशीच असती,” रामकिसनमामा म्हणाले. “तुझ्याबिगर तिथं कोण जात नाय.”

“आधी काही झालं होतं का तिथं, मामा?”

“काय व्हायचंय? जुन्या पुस्तकांचे गठ्ठे होते. कुणी मेलं नाय, कुणी फास घेतला नाय. खाली जुन्या नहरीचा, पाण्याचा बोगदा जातो म्हणत्यात, तो तर अर्ध्या शहराखालून जातो.”

“मग तुम्ही कधी आत का येत नाही? दारातूनच कडी लावून जाता.”

मामांनी हातातली चावी फिरवली. “आत बोललं ना बाई... की कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. ऐकून शिकतंय, असं. जाऊ दे, आमचं वय झालं.”

काम सोडावं असं सुलेखाच्या मनात आलं. पण सोडून जायचं कुठं? गावाला, मामानं आणलेल्या स्थळाकडं? शिवाय दीपमालाची परीक्षा तोंडावर आली होती. ती वाचत राहिली. फक्त आता वाचताना मध्ये थांबायची नाही. घसा कोरडा पडला तरी पाणी प्यायची नाही.

त्या दिवशी मलिक अंबराच्या काळातल्या नहरींवरचं प्रकरण होतं. भर दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं, आत ट्यूबलाइट. “डोंगरातलं पाणी जमिनीखालून, कुणाच्या दृष्टीस न पडता...” एवढं तिनं वाचलं आणि लाईट गेली.

खिडकी नसलेल्या खोलीतला तो अंधार. डोळ्यांपुढं हात धरला तरी दिसेना. मोबाइल बाहेर टेबलावर ठेवायचा नियम होता. तिनं चाचपडत बेलचं बटण दाबलं. बेल विजेवरची, वाजणार कशी? तिनं दार ठोठावलं. फोमनं तो आवाज गिळून टाकला.

“मामा...”

ती परत खुर्चीवर येऊन बसली. रेकॉर्डरचा तांबडा ठिपका तेवढा जळत होता. आता लाईट येईल, असं म्हणत ती गप्प बसली.

आणि टेबलाच्या पलीकडून श्वास ऐकू आला.

मग कागदावरून बोट फिरल्याचा आवाज. सर्र... सर्र... दीपमाला ब्रेल वाचताना बोट फिरवते तसा.

“...शहरात... येत असे,” कुणीतरी वाक्य पुरं केलं.

वाचायला त्या आवाजाला उजेड लागत नव्हता. ओळीमागून ओळ तो वाचत गेला. सुलेखाला हलता येईना. पान उलटलं, त्याची झुळूक तिच्या मनगटाला लागली, गार, ओलसर. पुस्तक तिच्यापुढं होतं. म्हणजे वाचणारी त्यावर वाकली होती.

प्रकरण संपलं. बोट थांबलं.

“आता... तू,” आवाज म्हणाला.

समोरचा श्वास जवळ आला. ओल्या मातीचा वास आला. “तू... म्हण,” तो पुन्हा म्हणाला, थोडा अधीर होऊन.

तेव्हा तिला जे पाठ होतं तेच ओठांवर आलं. डोळे घट्ट मिटून ती त्रिसरण म्हणू लागली. आई तिन्हीसांजेला म्हणायची त्याच चालीत, थरथरत. आणि तिच्या मागोमाग, एका शब्दाच्या अंतरानं, तो आवाजही म्हणू लागला. उच्चार चुकवत, मग सुधारत. पंचशील संपेपर्यंत तो तिच्यापेक्षा स्वच्छ म्हणत होता.

लाईट आली. खोलीत कुणी नव्हतं. मामांनी दार उघडलं तेव्हा ती इतकी घामाघूम होती की त्यांनी काही विचारलं नाही, फक्त बाहेर आणून पाणी दिलं.

सुलेखानं मेघा मॅडमना सांगितलं ते एवढंच, की खोलीत जीव घुसमटतो. मॅडमनी तिला रोपवाटिकेचं काम दिलं. उरलेली प्रकरणं तिनं दीपमालाला होस्टेलच्या अंगणात, लिंबाखाली बसून, समोरासमोर वाचून दाखवली. त्या वाचनात दुसरं कुणी आलं नाही. खोलीला कुलूप लागलं. सुलेखाची भूक परत आली, झोप परत आली.

परीक्षेच्या सकाळी ती रोपांना पाणी घालत होती, तेवढ्यात मेघा मॅडमचा फोन आला. “सुलेखा, दीपमालाची लेखनिक येत नाहीये. ताप आलाय म्हणे पोरीला. तू तिला वाचून दाखवलंयस, म्हणून तुला बसू देत नाहीत; मी दुसरी शोधतेय, पण मिळत नाहीये. तू वर्गापाशी जा, तिला धीर दे.”

पेपर सांगून लिहून घ्यायला कुणी नसेल, तर दीपमालाचं वर्ष वाया जाणार होतं. सुलेखा पाण्याची नळी तशीच टाकून धावली. दीपमालाला दिलेल्या वेगळ्या खोलीबाहेर पर्यवेक्षक सर उभे होते.

“सर, लेखनिक...”

“आली की. कधीची लिहितेय. आता आत जाता येणार नाही.”

सुलेखानं खिडकीतून पाहिलं. दीपमाला ताठ बसून सांगत होती. शेजारी ओढणी डोक्यावरून घेतलेली एक मुलगी पाठमोरी, खाली वाकून लिहीत होती. चारचौघींसारखी मुलगी. मॅडमना कुणीतरी सापडलं म्हणायचं. सुलेखा पायरीवर बसून राहिली.

पेपर संपला. दीपमाला काठी टेकत एकटीच बाहेर आली, चेहरा खुललेला.

“तुझी लेखनिक कुठंय गं?” सुलेखानं विचारलं.

“आत्ता तर माझा हात धरून दारापर्यंत आली होती.”

खोली रिकामी होती. तिला दुसरं दार नव्हतं. सुलेखाचा फोन वाजला. मेघा मॅडम विचारत होत्या, “कुणीच मिळालं नाही गं मला. मग काय केलं तिनं?”

सुलेखानं फोन बंद केला. दीपमालाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्याच नादात बोलत होती.

“शेवटचे दोन प्रश्न मला येतच नव्हते, सुलेखा. मी गप्प बसले, तिला म्हटलं, सोडून दे. पण तिचं पेन चालूच होतं.”