मुंढा, दीड बोट वर

तो दुकानात शिरला तेव्हा डावा हात अंगाला घट्ट चिकटवून होता, काखेत थर्मामीटर धरल्यासारखा. शिवरामपेटेतल्या आमच्या शिंप्याच्या दुकानात अशी माणसं रोज येतात. काख उसवलेली असते आणि ती रस्त्याला दिसू नये, एवढीच इच्छा असते.

"अर्जंट आहे," तो म्हणाला. "सहा चाळीसची नंजनगूडची ट्रेन. मेटगळ्ळीच्या बसमध्ये वरचा दांडा धरला... आणि झालं."

मराठी ऐकून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मान वर केली. आमच्यासारखंच, कन्नडमध्ये भिजलेलं मराठी. विचारपूस झाली. नाव रक्षित, मेटगळ्ळीच्या आयटीआयत शिकवतो, आजोबा भुजंगराव, पूर्वज महाराजांच्या फौजेत. अप्पांनी त्याला स्वतःचा जुना शर्ट घालायला दिला आणि त्याचा माझ्याकडे टाकला. उसवलेलं शिवणं माझं काम. बेतणं अप्पांचं. आमच्या घरात तीन पिढ्या कात्री पुरुषाच्या हातात. बायकांनी काज-बटण करायचं, हेमिंग करायचं, आणि आयुधपूजेला त्याच कात्रीला कुंकू लावायचं. मला याचा राग यायचा आणि मी तो लपवत नव्हते.

मशीनशेजारी माझा लॅपटॉप उघडा होता. त्यावर त्याची नजर गेली आणि तो तसाच थांबला.

"हे... राव सरांचं दुकान आहे?"

पडद्यावर 'बेत' होतं, कोपऱ्यात माझं तिथलं नाव, एम. राव. मापं टाकली की कपड्याचा कागदी नमुना काढून देणारं फुकट सॉफ्टवेअर. त्याचा कोड सगळ्या जगापुढे उघडा. कुणीही चूक दाखवायची, दुरुस्ती पाठवायची. सांभाळणारे चारजण ती तपासणार, पटली तर आत घेणार. गावोगावच्या शिवणवर्गांतल्या बायका झेरॉक्सच्या दुकानात त्याचेच नमुने छापून घेतात. आणि त्यातलं ब्लाउज साफ चुकीचं होतं: मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, दीड बोट खाली. दोन महिने मी 'एम. राव' या नावानं त्यावर भांडत होते. समोरून भांडणारा, त्या चौघांतला एक, रक्षित होता. हाच.

तो अप्पांकडे वळला, वाकून हात जोडले. सर, तुमच्याकडून खूप शिकलो, तुमची भाषा तिखट आहे पण अभ्यास दांडगा, असं बरंच बोलला. अप्पा घाबरले. त्यांना मोबाइलवर फोटोसुद्धा पाठवता येत नाही.

"मला काय गोत्तिल्ला बाबा, ठाऊक नाही," ते म्हणाले. "कंप्यूटर हिचा."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले... ते पाहायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"एम म्हणजे?"

"मृदुला. सर म्हणू नका."

तो हसला. छान हसतो. मलाही हसू येत होतं, पण दोन वर्षं धरलेला राग असा एका हसण्यावर सोडणारी मी नाही. मी जुना निरोप काढून त्याच्यापुढे धरला. दोन वर्षांपूर्वी हीच दुरुस्ती मी पूर्ण नावानं पाठवली होती. उत्तर आलं होतं: स्वागत आहे, मुलींसाठी सोपं काम म्हणजे मदतीची पानं कन्नडमध्ये करणं, ते आवडेल का? म्हणजे हेमिंगच. दुरुस्ती कुणी उघडूनही पाहिली नाही. मग मी एम. राव झाले. तेच आकडे, तीच रेघ. फक्त आता लोक वाद घालायला हजर.

"कोण मूर्ख आहे हा?" तो चिडून म्हणाला.

"खाली नाव आहे."

त्यानं वाचलं.

"मीच लिहिलंय," तो म्हणाला. "आणि उघडून पाहिलं नाही." बस्स. माझा हेतू चांगला होता वगैरे काही बोलला नाही. तिथे मला तो पहिल्यांदा आवडला.

लगेच पुढे म्हणाला, "पण मुंढा मोठा असला की हात मोकळा होतो ना, अल्वा? तुम्ही तो वर का घेता?"

ही चूक करायला शर्ट-ब्लाउज कधी न शिवलेला माणूसच लागतो. मी शिवून झालेला त्याचा शर्ट त्याला दिला, घालून पॅंटमध्ये खोचायला लावला.

"धरा दांडा," मी म्हटलं.

त्यानं हात वर केला. अख्खा शर्ट कमरेतून वर आला, पोट उघडं पडलं. अप्पा गालात हसले.

"मुंढा खाली गेला की हात वर करताना अंगावरचं सगळं ओढून नेतो. तुमचं पोट दिसतं. ब्लाउजमध्ये काय होतं, विचार करा. त्या बायका रोज असाच दांडा धरून कामाला जातात."

त्यानं शर्ट पुन्हा खोचला. "रविवारी नवी आवृत्ती जाते," तो म्हणाला. "त्यात तुमची दुरुस्ती घेतो. पूर्ण नावानं."

"नुसतं नाव नको. दुसऱ्यांची कामं तपासून आत घ्यायचा, परत पाठवायचा हक्क पाहिजे. कात्री पाहिजे."

"बाकी तिघांना विचारावं लागेल. शनिवारी सांगायला येऊ?"

"फोन आहे ना?"

"आहे. सुम्ने येतो, उगाच."

शनिवारी येणारच तर नव्या शर्टाचं माप देऊन जा, मी म्हटलं. टेप त्याच्या छातीभोवती फिरवली. त्याच्या कॉलरला खडूचा आणि ग्रीसचा वास होता.

"श्वास सोडा."

"सोडला तर माप चुकेल..."

"धरल्यामुळे चुकतंय."

ट्रेन चुकली. त्यानं तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडूनं त्याच्या शर्टाची आखणी केली आणि कापड अप्पांपुढे सरकवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं. वर कात्री ठेवली.

"बेत तूच," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "काज-बटण मी करतो."

कात्री वाटली होती त्याहून जड निघाली. पहिला काप वाकडा गेला. अप्पा सुईत दोरा ओवत राहिले, मी रडले नाही. निदान दुकानात नाही.

शनिवारी तो आला. तिघांपैकी दोघे हो म्हणाले होते. तिसऱ्यानं आधी हिनं वर्षभर भाषांतर करावं असं लिहिलं होतं, त्याला रक्षितनं सगळ्यांसमोर स्वतःचा जुना निरोप दाखवला आणि खाली लिहिलं, ही चूक माझी, पुन्हा करू नका. मदतीची पानं मी लिहीन, हेही त्यानंच लिहिलं. तिसऱ्यानंही मान्य केलं.

"म्हणजे हेमिंग तुमच्याकडे?" मी विचारलं.

"शिकवाल तर."

मी लॅपटॉप पुढे ओढला. मृदुला संताजीराव, पूर्ण नाव टाकलं, दुरुस्ती आत घेतली. आता दुरुस्त्या करणाऱ्यांच्या यादीत आम्ही अकरा बायका आहोत. पिरियापट्टणच्या शिवणवर्गातली सहना तर माझ्याच मुंढ्यात चूक काढते, आणि बरोबर काढते. तुम्हाला कुठली चूक दिसली तर पाठवा. आधी परवानगी मागत बसू नका.

पण त्या संध्याकाळचं सांगते. त्यानं नवा शर्ट घातला, खोचला, हात वर केला. शर्ट जागचा हलला नाही.

"झालं. हात खाली घ्या," मी म्हटलं.

"नाही."

"ट्रेन जाईल."

"जाऊ दे. मी रोज इथे यावं असं मला वाटतंय... कपडे न उसवता. तू हो म्हणेपर्यंत हात असाच."

अप्पा चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. आमच्याकडे चहा घरातूनच येतो.

मी हो म्हणायची घाई केली नाही. मुंढा नीट बेतलेला असला की माणसाला बराच वेळ हात वर ठेवता येतो.