खाली येताना सांगते

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या डोक्यावर साबणाचं पाणी ओतलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या नदीच्या वळणावर जहाजं थांबत नसत, नुसता वेग कमी करत. बाबा टपालाची होडी वल्हवत जहाजाच्या कुशीला नेत. वरून दोरीने बादली खाली येई. खलाशांची आलेली पत्रं तीत ठेवायची, त्यांनी लिहिलेली काढून घ्यायची. हे काम भाऊ करी. तो खाणीत गेला म्हणून त्या एप्रिलात माझ्याकडे आलं.

"माफ कर," वरून आवाज आला. "आत्ताच या बादलीने डेक धुतला."

"पत्रंही धुवायची असली तर तसं सांगा."

"नाव काय तुझं?"

"आधी बादली कोरडी करा."

तो हसला. मानेवर तीळ, कोपरापर्यंत तांबडी धूळ. कॉरमॅक त्याचं नाव. 'कॉर्डेलिया वॉस' या मालवाहू आगबोटीवर तो खलाशी होता.

सव्वीस वर्षं ती बोट एकच काम करत आली होती. वरच्या मोठ्या सरोवरावर लोखंडाची तांबडी माती भरायची, खालच्या कारखान्यांना पोचवायची, रिकामी परत जायची. तिचे पत्रे चेपले होते, खिळे कुरकुरत. माल घेऊन येताना ती इतकी बुडालेली असे, की कठडा माझ्या डोक्याच्या हातभरच वर. रिकामी जाताना मात्र तीच तीन मजली घराएवढी उंच. म्हणून वर जाताना आम्ही ओरडून भांडत असू, आणि खाली येताना हळू बोलत असू. तेव्हा बाबा मुद्दाम पलीकडच्या तीराकडे बघत.

मिळायचं एक मिनिट. आमचं वाक्य सोमवारी सुरू होई आणि शुक्रवारी पुरं होई.

"लेम्पी, तुझ्या डोळ्यांचा रंग—" एकदा तो म्हणाला, आणि बोट निघून गेली.

पाच दिवसांनी वरून, सगळ्या नदीला ऐकू जाईल असा ओरडला, "—नीट दिसला नाही. पुन्हा बघावा लागेल."

"चष्मा लाव," मी ओरडले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं होतं, कळलंही नव्हतं.

मी बादलीत वेलदोड्याचा गोड पाव ठेवी. त्याच्या पत्रांवर अंगठ्याचे तांबडे ठसे असत. शिक्का मारताना मी ते उगीचच बोटाने चाचपून बघे...

नोव्हेंबर लागला. भरलेली बोट खाली येत होती. कॉरमॅक कठड्यावर ओणवला. पापण्यांवर हिमाचे कण होते.

"हंगामाची शेवटची फेरी उरली आहे," तो म्हणाला. "मला ती टाळता येईल. मामाच्या गोदीत जागा आहे. तू लग्नाला हो म्हण — वर जाताना सू गावाच्या जलदारांशी, पाणी चढेपर्यंत, बोट थांबते, तिथेच उतरतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर उतरून करू काय?"

दोरी ताणली, बादली वर गेली. मिनिट संपलं.

उत्तर ठरलेलंच होतं. पण ते द्यायचं होतं वर जाताना. "चिठ्ठी लिही आणि टाक बादलीत," बाबा म्हणाले.

"बादली आधी स्वयंपाकी उघडतो, बाबा. जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचेल."

"मग ओरड."

आठवड्याने बोट आली. रिकामी, उंच. मी निळा रुमाल बांधला होता. मान वर केली, तर कठड्याला सगळे ओळीने उभे! स्वयंपाकी तवा बडवत होता. "उत्तर दे गं पोरी, नाहीतर याची भूक परत यायची नाही."

माझे कान तापले. कॉरमॅक नुसता बघत राहिला.

"खाली येताना सांगते," मी ओरडले.

सगळे हसले. मीही हसले. त्याने टोपी छातीशी धरली आणि वाकून मुजरा केला. बादलीतून त्याचं एक पत्र आलं, त्याच्या आईच्या नावाचं. त्यावर मीच शिक्का मारला.

वरच्या बंदरात बोट भरली, निघाली, आणि संध्याकाळी हिमाचं वादळ सुटलं. पुढे तिला कुणी पाहिलं नाही. एकवीस माणसं होती. किनाऱ्याला दोन वल्ही लागली, त्यांवर तिचं नाव होतं.

नदी गोठेपर्यंत मी रोज होडीत बसले. बाबा वल्हवत. बोटीच्या नावाने पत्रं येतच राहिली. कुणाच्या बायकोचं, कुणाच्या मुलीचं. ती परत पाठवायचं कामही माझंच होतं.

मार्चमध्ये त्याच्या आईचं पाकीट आलं. आत माझ्या शिक्क्याचं ते पत्र होतं, तांबड्या ठशासकट. आईने एका ओळीखाली रेघ ओढली होती: "ती सगळ्यांसमोर ओरडायची नाही, मला ठाऊक आहे. म्हणून ही एक फेरी करून येतो. तिचं 'हो' मला जवळून ऐकायचं आहे."

एप्रिलमध्ये बर्फ फुटला. हंगामातली पहिली बोट वर निघाली. कुणा दुसऱ्याच कंपनीची, रिकामी, तीन मजली घराएवढी उंच. बादली खाली आली. वारा समोरून होता. मी होडीत उभी राहिले.

"बस खाली, पोरी," बाबा म्हणाले.

मी ओरडले, "हो."

वरचा अनोळखी खलाशी कठड्यावरून वाकला. "ऐकू आलं," तो म्हणाला. "पण हो कशाला?"

बाबांनी वल्ही पाण्यात घातली. एवढ्या उंचावर, समोरच्या वाऱ्यातही, माझा आवाज सहज पोचला होता.