बोडीच्या वरची बांधी

ओमेशनं फेकलेली युरियाची मूठ धानावर पडायची सोडून थेट डिंपलच्या केसांत पडली.

“काऊन गा, माणूस दिसत नाही?” ती केस झटकत म्हणाली.

“दिसली न... म्हणून तर हात चुकला.”

तिला हसू आलं. पण आपण भांडायला आलोय हे आठवून तिनं ते गिळलं.

वर ओमेशची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, खाली बोडी, म्हणजे गावतळं; बोडीत पाणी उतरायचं ते याच बांधीचं. बोडीतल्या मासेमारीचा ठेका डिंपलच्या बापाचा, केवळरामचा. बांधीतून वाहून आलेल्या युरियानं मागच्या वर्षी पाणी हिरवं झालं आणि मासोळी मेली. यंदाही तसंच झालं तर केवळराम ठेका सोडणार आणि डिंपलला नोकरीसाठी नागपूरला मामाकडे धाडणार. डिंपलला ते बिलकूल मान्य नव्हतं. बीएससी झालेली ही पोर हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नव्हती.

तिनं पिशवीतून बाटली काढली. “नॅनो युरिया. पोतं ठेव घरी, आता हे वापर.”

“एवढुशा बाटलीनं धानाचं पोट भरते?”

ती कितीतरी वेळ समजावत राहिली आणि तो मान डोलावत राहिला.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर बाटली रिकामी!

“फवारलं?”

“फवारायचं होतं?... मी त बांधीच्या पाण्यात ओतली सारी.”

डिंपलनं कपाळावर हात मारला. “अरे, ते पानानं प्यायचं असते! पानाले बारीक तोंडं असतेत, ह्याचे कण त्याहून बारीक. पानानं पेलं त बोडीत वाहून येत नाही. सांगितलं होतं न मी?”

“सांगितलं असशील... मी तुझ्याकडे पाहून राहिलो होतो.”

आता यावर रागवायचं तरी कसं!

दुकानदारानं पोत्यासोबत गळ्यात मारलेली तसलीच एक बाटली ओमेशच्या घरी धूळ खात होती. ती त्यांनी फवारणीच्या पंपातल्या पाण्यात मिसळली. भादव्याच्या उन्हात दव वाळलं होतं. पंप पाठीवर घेऊन तो धानातून चालला आणि ती बांधावरून सोबत. वाऱ्यानं तुषार तिच्या गालावर आले. तो थांबला, पाहत राहिला...

“चाल न,” ती म्हणाली आणि स्वतःच लाजली.

काही दिवसांनी शेजारच्या बांध्या गर्द दिसू लागल्या आणि ओमेशची जरा फिकी. त्याचे वडील नंदलाल युरियाचं पोतं घेऊन बांधावर आले. डिंपल बोडीच्या काठावरून पाहत होती. ओमेश त्या पोत्यावर जाऊन बसला.

“उठ.”

“नाही उठत, बाबूजी. आणखी एक फवारा मारतो, पर हे पोतं फुटणार नाही.”

“त्या पोरीपायी धान बुडवशील?”

“धान नाही बुडत. अन् हो, तिच्याचपायी बसलो.”

नंदलाल पुटपुटत निघून गेले. डिंपलला तो त्या क्षणी इतका आवडला की तिला रडूच आलं.

दिवाळीनंतर धान निघालं. शेजाऱ्यापेक्षा किंचित कमीच, पण नंदलालना तोंड लपवावं लागेल इतकं कमी नाही. आणि केवळरामनं बोडीत जाळं ओढलं तेव्हा रोहू-कतला तडफडत वर आली. ठेका सोडत नाही, हे त्यानं काठावरच सांगून टाकलं.

ओमेश जाळ्याची कड धरायला आला होता. “म्हणजे... आता नागपूर नाही?” त्यानं हळूच विचारलं.

“नाही.”

“मासोळीसाठी थांबली न?”

बाप हाकेच्या अंतरावर होता, अर्धं गाव काठावर होतं. डिंपलनं आवाज मुळीच खाली आणला नाही.

“मासोळीसाठी माझा बाप आहे. मी तुझ्यासाठी थांबली.”