लोट्यावरचे ओरखडे

दिवाळीच्या सुट्टीत सानगडीचा बाजार पाहण्याचा बेत तृप्ती आणि तिचा भाऊ मोनू मोठ्या उत्साहाने आखीत होते. त्यांची मैत्रीण रंजू मात्र तलावाच्या काठी वाकून पाहत होती. पाण्यावर पुन्हा काळा तवंग पसरला होता.

रंजूचे वडील लिलाधर याच तलावात मासे धरीत असत. काठावरील उसना, म्हणजे उकड्या, तांदळाच्या कारखान्यात कोळसा जळू लागला, त्याची राख पाण्यात उतरली आणि मासे दिसेनासे झाले. तेव्हापासून ते दूर हैदराबादेस बांधकामावर होते. यंदा कंपनीने कोळसा कायमचा सोडून धानाचा भुसा जाळण्याचा संकल्प केला होता. पाणी निवळले की लिलाधर परतणार होते. दर रविवारी ते फोनवर एकच विचारीत, “पाणी कसं हाय, पोरी?”

“भुसाच जाळून राहिले, तं पाणी काळं काहून?” रंजू म्हणाली.

“तुले सपनातही कोळसाच दिसते,” मोनू हसला.

घरी रंजूची आई यशोदाबाई लिलाधरांचा पितळी लोटा घाशीत होती. गावातील बाया कारखान्याच्या खड्ड्यातून भुशाची मऊ राख आणीत. त्या राखेने पितळ सोन्यासारखे उजळे. आज मात्र लोट्यावर ओरखडे उमटले होते.

“तुह्या बाबाचा लोटा खराब झाला वं पोरी,” असे म्हणून ती तो पदराने पुसतच राहिली.

रंजूने राख चिमटीत चोळली. तीत काळे, टणक खडे होते. भुशाच्या राखेत खडा कधीच नसतो!

तिने ती राख तृप्ती-मोनूला दाखवली आणि तिघेही तत्काळ कारखान्याच्या कुंपणाशी गेले. भुशाचा ढीग उघड्यावर होता आणि गेल्या आठवड्याच्या अवकाळी पावसाने भिजून आंबला होता. ओला भुसा पेट घेत नाही, म्हणून व्यवस्थापक कैलाशबाबू मागे ताडपत्रीखाली उरलेला जुना कोळसाच भट्टीत घालीत आहेत, असे एका मजुराने हळूच सांगितले. उद्या नागपूरहून कंपनीच्या रत्नमालाबाई तपासणीस येणार होत्या. तेवढ्यापुरता कोरडा भुसा मागविलेला होता.

दुसऱ्या दिवशी कैलाशबाबू पाहुणीला पेटता भुसा अभिमानाने दाखवीत असताना तिघे लोटा घेऊन फाटकात हजर झाले.

“शाळा नाही काय रे तुमाले?” कैलाशबाबू खेकसले.

“आमाले सुट्टी हाय, साहेब,” तृप्ती शांतपणे म्हणाली. “कोळशालेच सुट्टी नाही दिसत.”

रंजूने रत्नमालाबाईंना एवढीच विनंती केली, की खड्ड्यातील राखेने हा लोटा एकदा घासून पाहावा. त्यांनी घासला. पितळ करकरले. त्यावर नवे ओरखडे उमटताच रंजूने मागच्या ताडपत्रीकडे बोट दाखवले. नंतर स्वतः चालत जाऊन त्यांनी ताडपत्री उचलली.

कैलाशबाबूंनी मान खाली घातली. भुशावरच्या छपरासाठी पत्रे पावसाळ्यापूर्वीच आले होते; चढवायचे तेवढे राहून गेले होते. त्याच दिवशी कोळसा हलविण्यात आला, आठवड्यात भुशावर छप्पर चढले आणि राखेचा खड्डा तलावापासून दूर गेला. ग्रामपंचायतीत रत्नमालाबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, “आमच्या कागदांना जे कळले नाही, ते या मुलांना राखेतून कळले.” वडीलधाऱ्यांनी तिघांच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. रंजूचे डोळे मात्र तलावाकडेच लागले होते.

पुढे थंडी पडली. एका रविवारी तलावाच्या काठीच फोन वाजला.

“पाणी कसं हाय, पोरी?”

रंजूने वाकून पाहिले.

“बाबा, पाण्यात आभाळ दिसून राहिलं.”

लिलाधर लगेच म्हणाले, “तुह्या मायले सांग, जाळं उन्हात टाक म्हणा.”