एका शब्दाचं बाड

बावीस वर्षांचं बाड गेलं आणि साळवे सरांनी अन्नपाणी सोडलं.

नाशिक रोडच्या त्यांच्या घरात गुप्तहेर ताहेराबाई समोर बसल्या होत्या. शेजारी त्यांचा सहायक वाल्मीक. माणूस भला, पण डोक्यात उजेड जरा उशिरा पडायचा.

"एका शब्दासाठी बावीस वर्षं?" तो बोलून गेला.

"बोर्ड!" सर म्हणाले. "इंग्रजीत मुळात लाकडाची फळी. फळीला पाय लावले, जेवणाचं टेबल झालं. त्यावरचं जेवण तेही बोर्ड, म्हणून आपलं बोर्डिंग. टेबलाभोवती बसून कारभार पाहणारे, तेही बोर्ड. परीक्षेचं बोर्ड तिथलंच. कोणी, कधी, कुठे वापरला, सगळे दाखले जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर उतरवले होते. दुसरी प्रत नाही. आणि काचबिंदूने आता अक्षर दिसत नाही."

सून अंजली डोळे पुसत म्हणाली, "मंगळवारी मीच बाइंडिंगला पाठवलं. लिखाणावर धूळ नको म्हणून गठ्ठा पालथा घातला, सुतळीने बांधला आणि सनीच्या रिक्षात दिला."

दाराशी उभा असलेला रिक्षावाला सनी तडकला. "आपण चोर नाय, मॅडम! नियाजभाई नमाजला गेलते. दुकानात ठेवला न निघालो."

वाल्मीकने मनात त्याला बेड्या घातल्यासुद्धा. जो आवाज चढवी, तोच त्याला चोर वाटे.

जुन्या नाशकातल्या बाइंडिंगच्या दुकानात नियाजभाई चिकटवायची खळ ढवळत होते. "सरांचं लिखाण आलंच नाही, अल्ला कसम. मंगळवारी छापील रद्दी तेवढी पडली होती."

दगडाखाली जाड पुठ्ठे वाळत होते.

"हे कशाचे?" ताहेराबाईंनी विचारलं.

"रद्दीचेच. कागदावर कागद चिकटवतो. हाताचं लिखाण वर असलं तर बाइंडिंगला शिवायचं, छापील वर असलं तर रद्दी म्हणून खळीत. अब्बांपासूनची रीत."

ताहेराबाईंनी पुठ्ठ्यांच्या कडा न्याहाळल्या. मग एक पुठ्ठा मागून घेतला.

संध्याकाळी सगळे सरांच्या घरी जमले.

"चोरी झालीच नाही," ताहेराबाई म्हणाल्या. "वाल्मीक, पालथ्या गठ्ठ्यावर वर काय दिसेल?"

"प्रश्नपत्रिका... अरे देवा!"

"सनीने ठेवला तो गठ्ठा आणि नियाजभाईंना सापडली ती रद्दी, एकच. सनी खरं बोलला, नियाजभाईही खरं बोलले. कुणी खोटं बोललंच नाही, म्हणून तर कोडं पडलं."

त्यांनी पुठ्ठ्याचा कोपरा सोलला. आत निळी शाई पसरली होती. एक अक्षर शाबूत नव्हतं.

नियाजभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अंजली सरांच्या पायाशी कोसळली. "बाबा, मीच घालवलं!"

सरांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जपायला गेलीस, पोरी."

"तुम्ही सांगा, मी पुन्हा लिहून काढते."

"गोष्ट सांगेन गं. ते शेकडो दाखले कुठून आणू? डोळे असते तर पुन्हा पहिल्यापासून बसलो असतो."

बाहेर येईपर्यंत वाल्मीकला भडभडून आलं होतं. "मॅडम, चोर निघाला असता तर बरं झालं असतं हो," तो म्हणाला. "चोराकडून माल परत तरी मागता येतो."